तीन खिळ्यांची टाच

बूट दुरुस्त करणाऱ्याने चाळीस वर्षं लोकांच्या टाचा बसवल्या. स्वतःच्या डाव्या बुटाच्या टाचेला हात लावायला त्याला कालच कुठे सवड मिळाली. खिळे संपत आले होते, म्हणून चाराच्या जागी तीनच मारले.

आज चौघे मित्र समुद्राकडेच्या पायवाटेने निघाले होते. मास्तर, शिंपी आणि ड्रायव्हर गप्पांच्या नादात पुढे गेले.

"खिळ्या, चल की रे," मास्तरने मागे हाक दिली. शाळेपासून तो त्याला खिळ्याच म्हणायचा.

"व्हा पुढे. येतो हळूहळू." त्याच्या पायांत जीवच उरला नव्हता.

तिघे वळणाआड गेले. ओल्या मातीत त्यांचे ठसे उमटले होते. खाली बघत चालायची त्याची जन्माची सवय. त्या तिघांच्या बरोबरीने चौथ्या बुटांचेही ठसे होते. डाव्या टाचेत तीन खिळे.

त्याने मागे वळून पाहिलं. त्याचे ठसे फरफटत इथवर आले होते. पुढचे मात्र ताठ, लांब ढांगांचे होते. त्यांत पाऊल टाकून पाहिलं, तर त्याची ढांग पुरेना.

वळणापलीकडे तिघे बाकावरून उठत होते. थर्मासशेजारी चार पेले रिकामे पडले होते.

मास्तरने त्याला पाहिलं आणि अदबीने जागा करून दिली.

"बसा, फार दमलेले दिसताय. आम्ही निघतोच. आमचा खिळ्या पुढे गेलाय, तो काही दमत नाही."