धुराचा ताप

मोतीराम मिस्त्री गाडीखाली उताणा पडून धुराच्या नळीला भोक पाडत होता आणि पुंजाजी ड्रायव्हर बाजूला उभा राहून बघत होता.

लढाई संपल्यावर विमानांचं भंगार लिलावात निघालं, त्यातून मोतीरामने हे यंत्र मेहकरला आणलं होतं. इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या नळीत एक सळई खुपसायची, तिची तार ड्रायव्हरपुढच्या फळीवर न्यायची आणि तिथे वाटीएवढी तबकडी बसवायची. धूर किती तापला ते काटा सांगणार. इंजिनाचा खरा ताप पाण्यात नाही, धुरात कळतो, असं मोतीराम म्हणाला.

गाडी बीबी गावच्या भगवंतरावांची. बीबी-मेहकर प्रवासी सर्व्हिस. मागच्या उन्हाळ्यात चढावर तिचं इंजिन जळालं, तेव्हा पुंजाजी म्हणाला की तेल खराब होतं. मालक म्हणाले की पुंजाजीने गाडी तापवली. बावीस वर्षं नुसत्या आवाजावरून इंजिनाची तब्येत ओळखणारा माणूस, पण मालकापुढे शहाणपण कुठे चालतं? त्याच्यावर नजर ठेवायला म्हणून हे यंत्र आलं.

तबकडीवरचे आकडे इंग्रजी आणि पुंजाजीला मराठीही वाचता येत नव्हतं. मोतीरामने हसत हसत काचेवर पार उजवीकडे तेलरंगाची लाल रेघ ओढून दिली.

"काटा लालीले लागला का गाडी उभी," भगवंतरावांनी बजावलं. "मंग आतमंधी माहा बाप बसलेला असो. काटा पार खाली आल्याबिगर हालवायची नाही."

पुंजाजी 'हाव मालक' म्हणाला.

दोन महिने काटा रेघेजवळसुद्धा फिरकला नाही, आणि पुंजाजी कानावरच विसंबून तबकडीकडे फारसा बघेनासा झाला. आपला दोष नव्हता हे आता तरी मालकांना कळेल, अशी पुंजाजीची भाबडी समजूत. मालक चारचौघांत सांगत सुटले, यंत्र बसवलं तेव्हापासून ड्रायव्हर सुधरला. पुंजाजीला ते फार लागलं. पण पोट होतं, म्हणून गिळलं.

खंडेनवमीला तो दुसरबीडला आपल्या घरी गेला. दरवर्षी गाडीची पूजा तोच करी. या वर्षी भगवंतरावांच्या बायकोने, अन्नपूर्णाबाईंनी, ती स्वतः केली. त्यांची लेक कोकिळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते, वेळ पडली तर याच गाडीने न्यायचं होतं. म्हणून त्यांनी चाकं, दिवे, यंत्र, काहीएक न वगळता सगळं पुजलं आणि लेकीसाठी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळीच, सायकलवरून माणूस पुंजाजीला बोलवायला आला. कोकिळा रात्रभर अडली होती. सुईणीने हात टेकले होते आणि मेहकरच्या दवाखान्याशिवाय इलाज नव्हता.

तो बीबीला पोचताच गाडी सुटली. मागच्या बाकावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून कोकिळा कण्हत होती. भगवंतराव पुढे बसले होते. पूजेची माळ सुकेपर्यंत काढायची नाही, म्हणून दिव्यांवर, चाकांवर, तबकडीवर झेंडू तसाच लोंबत होता.

पहिल्याच चढावर काटा लालीला लागला. पुंजाजीने गाडी थांबवली, खाली उतरून इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला, कान दिला.

"मालक, आवाज साफ येऊन राह्यला. इंजिन तापलं नाही. जाऊ द्या काय?"

भगवंतरावांनी तबकडीकडे बोट दाखवलं. "लाली दिसत नाही काय तुले? तुह्या कानाच्या भरवशावर एक इंजिन गेलं. हेही मधात जळलं तं पोरीले काय डोक्यावर नेऊ?"

त्यांचंही बरोबरच होतं. दसऱ्याच्या दिवशी त्या रस्त्यावर दुसरी गाडी मिळणार नव्हती. काटा खाली यायला पाव तास गेला. पुढच्या चढावर पुन्हा तेच. तिसऱ्या चढावर पुंजाजीने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला नाही, तेव्हा मालकांनी त्याचा दंड धरला आणि गाडी थांबवायला लावली. कोकिळेचं कण्हणं बारीक होत गेलं. पुंजाजी रस्त्यावर उकिडवा बसून राहिला. असला असहाय संताप त्याला जन्मात आला नव्हता.

मेहकरला डॉक्टरांनी धावपळ केली. मग बाहेर येऊन म्हणाले, अर्धा तास आधी आली असती तर दोघंही वाचली असती.

दुपारी प्रेत घेऊन त्याच गाडीने परत जायचं होतं. वाटेत पुन्हा थांबावं लागू नये म्हणून भगवंतरावांनी मोतीरामला बोलावून घेतलं.

अन्नपूर्णाबाई गाडीच्या दाराशी उभ्या होत्या. पुंजाजीला बघून त्या म्हणाल्या, "तूनं मारली माही कोकिळा. गाडी बिघडवून ठेवली अन् घरी सण करत बसला. तुह्यं कधी भलं होनार नाही." भोवतीची माणसं ऐकत होती.

मोतीरामने इंजिन तपासलं, नळी तपासली, सळई तपासली. सगळं ठाकठीक होतं. त्याने पुंजाजीला विचारलं, काटा नेमका कुठवर जात होता? पुंजाजीने तबकडीच्या मध्यावरची लाल रेघ दाखवली.

मोतीरामने तबकडीवरची झेंडूची माळ उचलली. माळेखाली, पार उजवीकडे, त्याची तेलरंगाची रेघ होती तशी होती.

त्याने मधल्या रेघेवर अंगठा फिरवला. कुंकू अंगठ्याला आलं.