उजवा कौल

"आई, दिसतंय का? तो बघा, तो बघा धबधबा!"

समीक्षाने फोन बोटीच्या कठड्याबाहेर धरला. गौरवने घाबरून नवरेपणाचं कर्तव्य म्हणून तिचं कोपर पकडलं. तिकडे रत्नागिरीत, मांडवीच्या घरात, यमुनाबाईंनी चष्मा वर सारला आणि मांडीवर थाप मारली.

"अगो बाय गो! केवढा तो! गार असेल ना गो पाणी?"

"वितळलेला बर्फ आहे, आई!"

मागून धोंडूअण्णा, म्हणजे गौरवचे वडील, खेकसले, "पुरे झाली मजा. परत या आता."

"तुम्ही गप्प बसा हो," यमुनाबाई म्हणाल्या. "फिरू दे पोरांना."

समीक्षा मत्स्यशास्त्र शिकलेली. नॉर्वेत बर्गनजवळ मासे वाढवणाऱ्या एका कंपनीत तिला वर्षभराची नोकरी मिळाली आणि गौरवनेही मागोमाग तिथल्या गोदीत काम मिळवलं. सोमवार ते शुक्रवार राबायचं आणि शनिवार उजाडला की पाठीवर पिशवी टाकून सुटायचं. कधी दोन डोंगरांच्या मधून जाणारी बोट, कधी ढगात चढणारी गाडी, कधी नुसतंच एखादं नाव आवडलं म्हणून उतरलेलं स्टेशन. पावसात भिजायचे, वाट चुकायचे, आणि डब्यातल्या थंड पोळ्या खाताना म्हणायचे, काय नशीब काढलंय आपण! मांडवीच्या जेटीवर उभं राहून पलीकडे काय असेल असा विचार करत गौरव मोठा झाला होता. आता तो पलीकडे उभा होता आणि त्याचं मन भरत नव्हतं.

यमुनाबाईंना तर या फिरण्याचं दोघांहून जास्त कौतुक. मासे घेऊन दारी येणाऱ्या तुळसाला त्या आधी फोटो दाखवत, मग बांगड्यांचा भाव विचारत. तुळसा म्हणे, "वयनी, तुमची सून बर्फात चालताय, नि तुम्ही हितं घाम पुसताय!" यमुनाबाई खो खो हसत. धोंडूअण्णांची सारी नोकरी बोटीवर गेली. या बाईने एकटीने घर ओढलं, पोर वाढवलं, आणि कधी चकार शब्द काढला नाही. अशी सासू मिळायला भाग्य लागतं, असं समीक्षा सगळ्यांना सांगे.

त्या आठवड्यात कंपनीने समीक्षाला विचारलं, कायमची राहणार का? उत्तर सोमवारपर्यंत हवं होतं.

समीक्षा स्वयंपाकघरात नाचली. गौरवही नाचला, आणि मध्येच थांबला.

"देवाला विचारावं लागेल."

"अरे देवा!"

"त्यालाच. आमच्याकडे कौल लावल्याशिवाय असलं काही ठरत नाही. माझ्या नोकरीला लावला, लग्नाला लावला."

"आणि डावा पडला तर?"

"तर परत जायचं. कौल मोडता येत नाही, समीक्षा."

तिचा चेहरा उतरला. मग ती स्वतःशीच हसली. "मला पसंत केलंय ना त्याने? मग मला दगा नाही द्यायचा. लावा."

प्रश्न एकच उरला. देवापुढे नारळ धरून मागणं कोण मागणार? धोंडूअण्णा तयारच होते. पण त्यांच्या मनात काय आहे ते अख्ख्या मांडवीला ठाऊक होतं. गौरवने हळूच सुचवलं, "बाबा, तुम्हाला फोन चांगला धरता येतो. नारळ आईकडे द्या."

त्या रविवारी दोघं कुठेच फिरायला गेले नाहीत. नुकतं उजाडलं होतं. एका रजईत, एका फोनवर डोकं टेकवून बसले. पडद्यावर लांज्याजवळच्या त्यांच्या मूळ गावातलं देऊळ हलत होतं, कारण धोंडूअण्णांना फोन अजिबात चांगला धरता येत नव्हता.

रावजी गुरवांनी देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार.

"वैनी, इच्छा तोंडानं बोलायची नाय. मनात धरायची. धरलीत?"

"धरली," यमुनाबाई म्हणाल्या. त्यांनी नारळ छातीशी घट्ट धरला होता.

"देवा म्हाराजा! या माउलीनं मनात जे धरलंय, ते पुरं व्हायचं असंल तर उजवा कौल दे! डावा दिलास तरी तुझी मर्जी, लेकरांवर रागावू नकोस!"

डावीकडची पाकळी थरथरली. समीक्षाने गौरवच्या दंडात नखं रुतवली. ती पाकळी जराशी सुटली, लोंबली, आणि तिथेच अडकून बसली.

"नको, नको, नको," समीक्षा पुटपुटत होती. वर्षभराचे सगळे शनिवार तिच्या डोळ्यांसमोरून गेले. हे सगळं एका पाकळीवर? तिला रडूच आलं.

टप्.

"उजवा!" रावजी ओरडले. "उजवा दिला म्हाराजानं!"

समीक्षाने किंकाळी फोडली. गौरव पलंगावर उभा राहून उड्या मारायला लागला. तिने कंपनीला पाठवायचं उत्तर आधीच लिहून ठेवलं होतं. बटण दाबलं, आणि झालं! कायमचं झालं! पडद्यावर देऊळ गरगर फिरलं आणि शेवटी यमुनाबाईंचा चेहरा आला. त्या रडत होत्या, हसत होत्या, पदराने नाक पुसत होत्या.

"आई, तुमच्यामुळे झालं हे!" समीक्षा ओरडली. "आता कौल मोडायचा नाही हां कुणी!"

"मोडतोय कोण गो!" यमुनाबाई म्हणाल्या. "वरची खोली मी कालच झाडून घेतली. कधीच्या विमानाने परत येताय, तेवढं सांगा."