गॅस लवकर संपतो

बायको गेल्यापासून मी गाडी इको मोडवरच चालवतो. स्पोर्टवर टाकली की चिडणारी सेव्हिमच नाही, तर पळवायची कशाला? तरी एका टाकी गॅसवर अंकाराला जाऊन कोन्याला परत येणारी गाडी आज जातानाच पेट्रोलवर आली. रस्त्याकडेला थांबून मी गॅसकिट बसवणाऱ्या रजब उस्ताला फोन लावला.

"काका, म्हातारपणी ॲक्सिलरेटरवर पाय जड झाला तुमचा," तो हसला.

"अरे, ट्रॅक्टरवाले मला मागे टाकून जातात. मागच्या सीटवर नात झोपलीय, पळवतोय कशाला?"

त्याचं हसू थांबलं. "काका, गाडीत गॅसचा वास येतोय का?"



सेव्हिम ज्या तापात गेली, त्या तापापासून मला कसलाच वास येत नाही.