खिडकीवाल्यांचा ट्रंककॉल

ऑपरेटरबाई सकाळपासून खाटेवर बसून हवेतल्या वायरी हवेतल्याच भोकांत खुपसत होत्या. मांडीवरच्या चादरीचा बोर्ड झाला होता. तपासायला वाकलेल्या डॉक्टरीणबाईंचा स्टेथोस्कोपही त्यांनी कुठल्याशा परगावाला जोडून टाकला.

डॉक्टरीणबाई मनातून हरखल्या. वृद्धाश्रमातल्या माणसांचं डोकं अचानक का भरकटतं, यावरच त्यांचा अभ्यास चालला होता. आणि कालपर्यंत शब्दकोड्यांचा फडशा पाडणारी ही बाई आज तापासरशी थेट जुन्या टेलिफोन एक्स्चेंजात जाऊन बसली होती. उभी हयात तिथंच गेलेली. लघवीत जंतू सापडले होते, औषध सुरू होतं. एक-दोन दिवसांत बाई ताळ्यावर येणार, हे नक्की.

पलीकडे खिडकीजवळ एक आजोबा होते. घसा ठणठणीत, जीभ शाबूत. पण बायको गेल्यापासून तोंडातून ब्र नाही. मुलगी रोज यायची, भरवायची, तासभर एकटीच बोलायची. बाबांनी एकदा हाक मारावी, एवढंच तिचं मागणं. एखादी भिंतसुद्धा कंटाळून ‘हं’ म्हणाली असती. आजोबा नाही.

आजही ती हिरमुसून, बाबांकडे पाठ करून पर्स उचलत होती, तोच ऑपरेटरबाई कडाडल्या.

"खिडकीवाले, तुमचा ट्रंककॉल. मुलगी आहे लाइनवर. बोला."

डॉक्टरीणबाई घाईनं पुढे झाल्या. रुग्णाच्या भासाला कधी दुजोरा द्यायचा नाही, हे त्यांनीच नर्सना घोटून शिकवलं होतं. त्या तोंड उघडणार, इतक्यात आजोबांची मूठ वर आली. कानाशी गेली.

"ठमे?" आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा. "जेवलीस का गं?"

मुलगी हाताच्या अंतरावर उभी होती. पण वळलं तर लाइन तुटेल, म्हणून ती भिंतीकडेच तोंड करून राहिली. तिनंही मूठ कानाला लावली. "जेवले बाबा."

मग आई गेल्यापासूनचं तुंबलेलं सगळं बोलणं वाहायला लागलं. आईचं शेवटचं दुखणं, बंद पडलेलं घर, कुणी कुणाला न दाखवलेलं रडू. खोलीत कुणी खोकलंसुद्धा नाही. ऑपरेटरबाईंच्या सलाइनचा थेंबही म्हणे नळीत अर्ध्या वाटेवर थबकला.

ऑपरेटरबाईंनी डॉक्टरीणबाईंकडे मान वळवली. नोकरीतला कोरडा, चोख आवाज.

"वेळ संपली. कॉल तोडू?"

"नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वाढवा."