खांबावरचा माणूस

भर बाराला लाईट गेली आणि नानासोंच्या उशाशी चालणारं ऑक्सिजनचं मशीन कोकलून बंद पडलं.

त्यांच्या सुनेला, पल्लवीला वाटलं, पीन निसटली असेल. स्लॅबवर सोलरची सहा पॅनेल तापत होती. बसवून आज चौथा दिवस. सासऱ्यांच्या दम्यासाठी म्हणून तिनंच अनुदानाचा अर्ज भरला होता, आणि आता लाईट गेली तरी घोर नाही, असं दहिवडीच्या बाजारात चार बायकांना सांगूनही आली होती.

तिनं नळी छोट्या सिलिंडरला जोडली. त्याचा काटा तांबड्यावर होता. दुसरा भरून आणायला तिचा नवरा जयराज सकाळीच साताऱ्याला गेला होता.

पॅनेल बसवणारा इंद्रजित वाडीतलाच. हाकेसरशी आला आणि मान खाली घालून म्हणाला, की बॅटरी नसली तर लाईन गेल्यावर पॅनेलही बंद होतात. हे आधी सांगायचं राहून गेलं होतं. बॅटरीला अनुदान नव्हतं. पुढच्या वर्षी तेही निघेल, तेव्हा घेऊ, म्हणून घरच्यांनीही विषय सोडून दिला होता. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण दुष्काळी माण तालुक्यातल्या माणसांना काही नवी नाही. डोक्यावर एवढं ऊन असून श्वासाला महाग व्हायची वेळ मात्र पहिलीच.

इंद्रजितनं भिंतीवरच्या सोलरच्या पेटीचं झाकण उघडलं. आत एक फेरफार केला, की लाईन नसतानाही पॅनेल चालतात. दोन घरांत त्यानं तो करून दिला होता. मेन स्विच तेवढा पाडून ठेवायचा, म्हणजे घरातली वीज उलटी बाहेरच्या तारांत जात नाही.

नानासोंनी हात वर केला. तीस वर्षं वायरमन म्हणून खांब चढलेला माणूस, आता दोन शब्दांनी दम खात होता. त्यांनी उघड्या दाराकडं बोट केलं. समोरच्या खांबावर एक वायरमन पट्ट्याला रेलून तार जोडत होता.

"झाकण लाव."

"नाना, मेन पाडतोय की."

"सिद्धू चढला... तवा बी... मेन पाडलाय म्हणूनच सांगितल्यालं."

सिद्धू त्यांचा जोडीदार. कुणाच्या तरी घरातल्या जनरेटरची वीज तारेत आली होती. त्याचा देह खांबावरून खाली काढला तो नानासोंनीच.

पल्लवीला त्या खांबावरच्या माणसाचा राग आला, आणि राग आला म्हणून स्वतःचीच लाज वाटली.

"आवं मामा, तुमचा जीव चाललाय हितं."

"माजा माज्याजवळ हाय," नानासो म्हणाले. "त्याचा तुमच्या हातात हाय."

इंद्रजितनं झाकणाचे स्क्रू पिळले. थोड्या वेळानं सिलिंडरची फुसफुस थांबली. पल्लवी पदरानं वारा घालत राहिली. नानासोंचे ओठ काळेनिळे पडत चालले, नजर तेवढी खांबावर होती. मग तीही मिटली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मशीन एकदम घरघरलं. पल्लवीनं नळी सिलिंडरवरून काढून मशीनला जोडली. दोन श्वास, चार श्वास. नानासोंनी डोळे उघडले आणि नळी बाजूला सारली.

"लाईन आली," ते म्हणाले. "त्यो खाली उतरलाय का, आदी बघ."