कटलेटात काय काय

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे लिफ्ट गचका खाऊन थांबली. आतला पंखा बंद पडला, दिवा मात्र चालू राहिला.

आत तिघं होती. शाळेतून लेकीला घेऊन येणारी आई, सहा वर्षांची लेक आणि खांद्याला पत्रांची थैली अडकवलेला टपालवाला. आईने धोक्याचं बटण दाबलं. वरून कोणीतरी ओरडून सांगितलं, मेकॅनिकला फोन केलाय, अर्ध्या तासात पोचेल, तोवर दाराला हात लावू नका.

लेकीला घरात सगळे मुंगी म्हणत, कारण ती खायची मुंगीएवढंच. मुंगीला लिफ्ट अडकल्याचं काहीच वाटलं नाही. थैलीतून डोकावणाऱ्या पाकिटांवरची तिकिटं बघण्यात ती गुंगली.

टपालवाल्याची मात्र गाळण उडाली होती. चांगला सहा फुटी गडी, पण भिंतीला पाठ घासत खाली बसला. बंद जागेत आपल्याला गुदमरतं, म्हणून आपण नेहमी जिना चढतो, आज पाय भरून आले म्हणून लिफ्ट घेतली, असं त्याने ओशाळून सांगितलं. कपाळावर घाम साचला होता. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

आईने दप्तरातून मुंगीचा डबा काढला. उघडून बघायची गरज नव्हती, हातात घेताच कळलं. रोजच्यासारखाच, भरलेला. पहाटे पाचला उठून ती हा डबा करायची. आणि गेल्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी वजनकाट्याकडे बोट दाखवून म्हटलं होतं, चार महिन्यांत काटा जागचा हललेला नाही. तिने सुस्कारा सोडला आणि डबा टपालवाल्यापुढे धरला.

लेकराचा डबा कसा खाऊ, म्हणून तो मागे सरला. लेकरू काही खाणार नाही, तुम्ही खाल्लात तर निदान माझे कष्ट तरी कारणी लागतील, असं आई म्हणाली, तेव्हा त्याने एक कटलेट उचललं. दोन घास खाऊन त्याने डोळे मिटले. आई घाबरली.

"ताई, काय चव आहे हो," तो म्हणाला. "कशाकशाचं केलंय? सांगत राहा. कोणी बोलत असलं, की मला भिंती अंगावर आल्यासारख्या वाटत नाहीत."

तिच्या स्वयंपाकाबद्दल कित्येक दिवसांत कोणी असं विचारलं नव्हतं. ती सांगत सुटली. बटाटा नुसता नावाला, खरा ऐवज भोपळा. तो उकडून गाळून घ्यायचा, म्हणजे जिभेला धागे लागत नाहीत. गाजर सगळ्यात बारीक किसणीवर. पालक वाटून, पण बेताने, नाहीतर हिरवा रंग चुगली करतो. मसूर भाजून त्याची पूड. वरून अंडं.

बोलता बोलता ती थबकली. मुंगी पाकिटं सोडून तिच्याकडे बघत होती.

"हे सगळं यात आहे?"

आईची चोरी पकडली गेली होती. काहीतरी थाप मारावी असं क्षणभर तिच्या मनात आलं. मग तिने मान हलवली.

"आणि गोळी?"

"कसली गोळी?"

"कडू. केळ्यात घातली होतीस ती."

आईला आठवायला वेळ लागला. मागच्या वर्षी मुंगीचा ताप हटत नव्हता आणि ती औषधाला तोंड उघडत नव्हती, तेव्हा केळं कुस्करून त्यात गोळीची पूड मिसळली होती. दोनच दिवस. ताप उतरला आणि आई ते विसरून गेली. मुंगी विसरली नव्हती. तेव्हापासून ती कोरा भात खायची, न चिरलेलं फळ खायची, जे आरपार दिसेल तेवढंच खायची. आणि ती जितकं कमी खाई, तितकं आई अधिक लपवत गेली होती. लिफ्टच्या फरशीवर मांडी घालून बसलेल्या आईला हे सगळं एकदम उमजलं.

"गोळी नाही," ती म्हणाली. "परत कधी लागलीच, तर आधी तुला सांगेन. मग घालेन."

मुंगीने यावर विचार केला. मग डब्यातून एक कटलेट घेऊन मधोमध मोडलं, दिव्याखाली धरलं आणि यात भोपळा कुठला ते विचारलं. आईने बोटाने दाखवलं. मुंगीने तेवढाच कुरतडला. मग गाजर. पालकाचा एक ठिपका तिचा तिलाच सापडला, तो तिने टपालवाल्याला दाखवून मग तोंडात टाकला. मसूर काही दिसेना. तो शोधायला दुसरं कटलेट घ्यावं लागलं. आपल्याला मसूर सापडलाय असा टपालवाल्याचा दावा होता, मुंगीला तो साफ नामंजूर होता. दोघं डब्यावर वाकून हुज्जत घालत बसली. आईने डबा दोघांच्या मधे तसाच धरून ठेवला. आपण हूं की चूं केलं तर हे सगळं मोडेल, असं तिला वाटत होतं.

वर खडखडाट झाला. दार हातभर सरकलं आणि फटीत मेकॅनिकचं डोकं दिसलं. त्याच्यामागे पहारेकरी, चौथ्या मजल्यावरच्या काकू, आणखी तीन-चार चेहरे. मेकॅनिकने दोन्ही हात खाली सोडले आणि आधी मुलीला वर द्या, असं तो म्हणाला.

टपालवाला घाईने उठला, त्याने मुंगीकडे बघितलं आणि तो पुन्हा खाली बसला. मुंगीच्या गालात घास होता, हातात अर्धं कटलेट.

"जरा थांबा, दादा," आई वर बघून म्हणाली. "ती जेवतेय."