फोनचा त्रास

दिवेलागणीला शहराच्या विजेवर ताण आला की नियंत्रण कक्षातून काकूंना फोन ठरलेलाच. घरात एकटी बाई, पण गिझर, इस्त्री, ओव्हन, सगळं एकदम चालू!

"काकू, आजही तुमचाच मीटर पळतोय. बंद करा ना काहीतरी."

"करते गं बाई. आधी कुठलं करू? आणि तुझा खोकला गेला का?"

गप्पा मारत मारत काकू एकेक बटण बंद करायच्या. नाही म्हणून कधी म्हणाल्या नाहीत.

एके दिवशी वीज कंपनीचा माणूस आला आणि मीटरला एक डबी जोडून गेला. "तुम्ही कायम सहकार्य करता, म्हणून कंपनीकडून ही भेट. आता ताण आला की ही डबीच सगळं बंद करेल. फोनचा त्रास संपला तुमचा!"

संध्याकाळी काकूंनी सगळं चालू केलं आणि रोजच्यासारखी फोनशेजारी खुर्ची ओढली. फोन गप्पच. डबी तेवढी खाकरल्यासारखी वाजली आणि गिझरचा लाल दिवा विझला.

काकू उठून डबीपाशी गेल्या.

"अजून गेला नाही का गं तुझा खोकला?"